राहून गेलेला विडा

म्युनिक,
रविवार, ३ मे २०२६

वेणूस चंद्रावतीचे आशीर्वाद.

पोचलो एकदाचे. शैलेशचा पाय सुजलाय, विनिताची एक बॅग दिल्लीतच राहिली, प्राची विमानात बसल्यापासून झोपलीय ती अजून अर्धवटच जागी आहे. मी ठणठणीत. दीपेश घ्यायला आला होता. सुकलाय गं पोरगा. मला मिठी मारली आणि लगेच माझ्या मागे बघायला लागला. तू कुठून तरी निघशील असं त्याला वाटलं असणार. मी म्हटलं, "नको बघू, नाय आली ती." एवढंसं तोंड केलं त्याने.

पनवेलचं विमान उडालं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. आपण दोघी जावा जिथे चिखलात वाकून भात लावायचो तिथूनच ते धावलं. मला एकदम तुझीच आठवण झाली. गाव उठलं तेव्हा मी पोरांबरोबर रोडपालीच्या फ्लॅटमध्ये गेले, तू नेऱ्याला गेलीस, तेव्हाही एवढं तुटल्यासारखं वाटलं नव्हतं.

आता स्पष्टच विचारते. तू का आली नाहीस? तिकीट काढलं होतं, पासपोर्ट झाला होता, व्हिसा लागला होता. आणि निघायच्या आठवड्यात म्हणतेस, गुडघे दुखतात. गावदेवीची टेकडी चढतेस तेव्हा दुखत नाहीत ते! दीपेशला न्हाऊमाखू घातलंस तू. शैलेश-विनिता नोकरीला, मी शेतात, पोरगं दिवसभर तुझ्या कडेवर. अख्ख्या तालुक्याच्या लग्नांत धवले गातेस, भावजी गेल्यावरही लोकांनी तुलाच बोलावलं. आपल्या गावात धवलारणीचं कपाळ कुणी बघत नाही, गळा बघतात. आणि आपल्याच पोराच्या हळदीला धवलारीण नाही?

मुलगी परदेशी आहे म्हणून तुला पसंत नसेल तर तसं सांग. फोन उचलत नाहीस, मग प्राची म्हणाली, कागदावर लिही, मी फोटो काढून किशोरीच्या फोनवर पाठवते. म्हणून हा उद्योग.

तुझी,
चंद्राक्का

—

नेरे,
सोमवार, ४ मे

चंद्राक्कास वेणूचा नमस्कार.

तुझं पत्र किशोरीने दाखवलं. आधी रागाने वाचलं, मग हसत वाचलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुझी बोलणी खातेय, पण लिहून पहिल्यांदाच खाल्ली.

मुलगी मला पसंत आहे. हाना हे नावसुद्धा बरं आहे, हाका मारायला सोपं. दीपेशने फोटो दाखवला तेव्हाच मी म्हटलं होतं, डोळे गरीब आहेत. मग नापसंतीचा प्रश्न कुठे येतो? गुडघे खरंच दुखतात. टेकडी चढताना दुखत नाहीत, उतरताना दुखतात. शिवाय आंबे उतरवायला आलेत, माकडं टपून बसलीत.

फोन करू नकोस. माझ्या मोबाईलमधून आवाज येत नाही. पत्रच लिहीत जा. किशोरी रोज येते, ती फोटो काढील. माझा भाऊ गेल्यापासून या भाचीला माझ्याशिवाय आहे तरी कोण.

आता हळदीचं ऐक. मी स्वतः जात्यावर दळून लाल पिशवीत बांधून दिलीय. ती खाली जमिनीवर टेकवायची नाही. कुणाच्या पायाशी ठेवायची नाही. वर सामानात कोंबायची नाही. कुत्र्यामांजराच्या तोंडाशी तर अजिबात यायला नको. नवऱ्यामुलाला लागेपर्यंत ती मांडीवर, नाहीतर हातात. विनिताकडे देऊ नको, ती विसरते. तू धर.

आणि दीपेशला सांग, आजी रुसलेली नाही.

वेणू

—

प्राग,
गुरुवार, ७ मे, संध्याकाळ

वेणूस आशीर्वाद.

आज रेल्वेने म्युनिकहून इथे आलो. प्राग ही चेक लोकांची राजधानी. हानाचं माहेर इथलंच. लग्न शनिवारी नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत लागणार, हळद उद्या संध्याकाळी हानाच्या घरी.

गाडी म्हणजे काय सांगू! काचा एवढ्या मोठ्या की बाहेरची शेतं मांडीवर येतात. सगळीकडे पिवळं फूल पसरलेलं, मोहरीसारखं. गर्दी नाही, आरडाओरडा नाही, चहावाला नाही. विनिताने डबा उघडला, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी, तर समोरच्या बाईने हळूच खिडकी शोधली. खिडकी उघडतच नाही तिथली. मग विनिताने तिला एक तुकडा दिला. बाईने खाल्ला, पाणी प्यायली आणि दुसरा मागितला.

बाकी प्रवास चांगला झाला. गाडीला थोडा उशीर झाला एवढंच. मधे एका लहान स्टेशनावर बसायला पुष्कळ वेळ मिळाला. नुसता बाक, एक झाड आणि मी. तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

वेणू, विडा!

मी तुला विडा दिलाच नाही. लग्न ठरलं की घरातला मोठा माणूस नारळ आणि पानाचा विडा घेऊन धवलारणीच्या दारात जातो, तिला पाटावर बसवून मानाने बोलावतो. इतकी वर्षं लोक तुझ्या दारात असे आले, पाणी मीच दिलं त्यांना. आणि आपल्या पोराच्या वेळी मी काय केलं? फोनवर सांगितलं, "वेने, तारीख ठरली, बॅग भर." घरातल्या घरात कसला विडा, असं मला वाटलं. तुला किती लागलं असेल. आणि तू आपली गुडघे सांगतेस, माकडं सांगतेस.

चुकले मी. कुंदनला फोन केलाय. आमच्या शेजारचाच रिक्षावाला पोर, आपल्याच नात्यातला. तो उद्या सकाळी पनवेलच्या बाजारातून नारळ आणि पानं घेऊन नेऱ्याला तुझ्या दारात येईल. माझ्या वतीने विडा देईल. तू घे, आणि राग सोड. उद्या संध्याकाळी फोनवरून दोन ओळी जरी म्हटल्यास तरी हळद पावन होईल. तुझा मोबाईल बिघडला असेल तर कुंदनचा घे.

चंद्राक्का

—

शुक्रवार, ८ मे, सकाळी

चंद्राक्का,

कुंदनला पाठवू नकोस. विड्याचा राग नाही, शपथ. मी घरी नाही, किशोरीकडे पनवेलला आलेय, तिच्याकडे पापड लाटायचेत. विडा तू परत आल्यावर देशील. कुंदनला थांबव.

वेणू

—

प्राग,
शुक्रवार, ८ मे, दुपार

वेणू,

तुझी चिठ्ठी यायच्या आधी कुंदनचा फोन आला. तो नारळ घेऊन तुझ्या दारात उभा, दाराला कुलूप. शेजारच्या शांतीने त्याला सांगितलं, "तिला दवाखान्यात नेली नाय का! गल्यान गाठ हाय म्हनतान. डाक्टरनं तुकरा कारलाय, बोलाचं बंद केलंय तिचं." कुंदन फोनवर रडत होता. शैलेशने स्पीकर लावला होता, मी सगळं ऐकलं.

पापड लाटतेस काय गं? गळ्यात गाठ घेऊन पापड?

होळीपासून तुझा घसा बसला होता. मी म्हणत होते, लग्नसराई आहे, गाऊन गाऊन बसला, कैऱ्या खाऊ नको. मी! इतकी वर्षं एका चुलीवर शिजवलं आपण आणि मला कळलं नाही. आता समजतंय, फोन का नको होता. मोबाईलमधून आवाज येत नाही म्हणालीस. मोबाईल धड होता, आवाज तुझाच येत नव्हता.

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर किशोरीला विचार. मला खरं सांग, डॉक्टर काय म्हणाला? रिपोर्ट कधी? मी शैलेशला सांगितलंय, माझं परतीचं तिकीट बघ. आज हळद लागणार नाही. तू तिकडे तोंड बांधून बसणार आणि मी इथे पोराला हळद लावू? दीपेशही म्हणतो, लग्न पुढे ढकलू. तो बाल्कनीत जाऊन उभा आहे.

मीही एक लपवलं होतं, ते सांगते, म्हणजे हिशेब फिटला. काल गाडीत आमच्या बाकाखाली एकाचा कुत्रा येऊन बसला. वासराएवढा. त्याने तुझ्या लाल पिशवीकडे नाक केलं. तू लिहिलेलं आठवलं, मी पिशवी उचलली, प्राचीला धरलं आणि पार पुढच्या डब्यात जाऊन बसले. रिकामा डबा, मस्त. तिथे म्हणे मधल्या एका जंक्शनला गाडीचे दोन भाग होतात, अर्धी प्रागला, अर्धी तिसरीकडेच. दीपेशने चढतानाच सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष सामानात. जंक्शनला शैलेश खाली उतरून कॉफी पीत उभा होता. आमची गाडी हलली. मी काचेतून ओरडतेय, "अरे, चढ, चढ, गाडी चुकली तुझी!" आणि तो बिचारा हातात कप घेऊन आमच्या मागे धावतोय. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी त्याचीच कीव करत होते. मग प्राचीने कानातला हेडफोन काढला, पाटी वाचली आणि म्हणाली, "आजी, तो नाय चुकला. आपण चुकलो."

म्हणून ते स्टेशन, तो बाक आणि ते झाड. तिकीट तपासणाऱ्या बाईने आम्हाला उतरवलं, पाणी दिलं, उलट्या गाडीत बसवून दिलं. प्रागच्या स्टेशनावर विनिता मला बघून लहान मुलीसारखी रडली. एवढं सगळं झालं तरी पिशवी मांडीवरून हलली नाही.

आता ती पिशवी समोर ठेवून बसलेय. लवकर लिही. खरं लिही.

चंद्रावती

—

पनवेल, किशोरीचं घर,
शुक्रवार, संध्याकाळ

चंद्राक्का,

आधी हळद लाव. मग हे पत्र वाच. मला माहीत आहे, तू आधी वाचशील, तरी लिहिते.

खरं हे की आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितली, मंगळवारी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. तोवर एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. डॉक्टर म्हणाले, साधीही असेल, दुसरीही असेल. ते नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेत नाही.

तुला सांगितलं असतं तर तू विमानात बसली असतीस का? नसतीस. मी नाही आणि तू नाहीस, मग पोराच्या लग्नात आपल्याकडची एकही म्हातारी नाही. हानाच्या लोकांना वाटलं असतं, या पोराला कुणी नाहीच. म्हणून गुडघे दुखवले.

भीती वाटते गं. मरायची नाही एवढी. गळा गेला तर मी कोण, याची वाटते. शेत गेलं तेव्हा गळा होता. हे गेले तेव्हा गळा होता. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसते आणि मनातल्या मनात धवले म्हणून बघते, एकही ओळ विसरले नाही. हे तुला सांगून आता जरा हलकं वाटतंय. लपवायचा त्रास गाठीपेक्षा जास्त होत होता.

आता माझं ऐक. परत यायचं नाही. तू इथे येऊन काय करणार, मी बोलत नाही म्हणून एकटीच बोलत बसशील. लग्न पुढे ढकललंत तर मी माझ्या गाठीवर ते पाप घेऊन जगायचं का? दीपेशला बाल्कनीतून आत बोलाव.

धवले तू म्हण. हसू नकोस. आजवर प्रत्येक लग्नात मी ओळ टाकली आणि मागे उभं राहून ती तू उचललीस. सगळ्या ओळी तुझ्या पोटात आहेत. सूर तुला नाही हे खरं, पण हळदीला सूर लागत नाही, आपलं माणूस लागतं. किशोरी फोन लावील, चित्रासकट. मी तोंडात पदराचा बोळा धरून बसते.

गाडी चुकल्याचं वाचून हसू फुटलं, बोळा नसता तर आवाज निघाला असता. शैलेशची कीव करत होतीस!

वेणू

—

प्राग,
रविवार, १० मे

वेणू,

तू सगळं बघितलंस, तरी लिहिते, कारण फोनच्या त्या टीचभर काचेत तुला निम्मंच दिसलं असेल.

हळद उशिरा लागली, पण लागली. हानाच्या आजीने, तरतरीत म्हातारी आहे, माझ्याच वयाची, बैठकीतला सोफा स्वतः ढकलून भिंतीला लावला. पाट नव्हता, तिने फुलझाडांची फळी धुऊन आणली. दीपेश तिच्यावर बसला. विनिताने मुंडावळ्या बांधल्या. प्राचीने फोन कपाटावर टेकवला, आणि तू दिसलीस. पदर तोंडात, डोळे हे एवढे.

मी तोंड उघडलं आणि पहिलाच सूर असा वर गेला की हानाचा बाप दचकला. पहिल्या दोन ओळी गेल्या कशातरी. तिसरीला अडले. एवढी साधी ओळ, आणि समोर नुसता अंधार. सगळे माझ्याकडे बघतायत. दीपेश मान खाली घालून बसलेला, त्याच्या गालावरून पाणी आणि हळद एकत्र येतेय. मला वाटलं, गेलं सगळं.

तेवढ्यात ताटाचा आवाज आला. तू तिकडे स्टीलच्या ताटावर बोटांनी ठेका धरलास. तू सुरू करण्याआधी नेहमी धरतेस तोच. हात हळदीत आणि कान त्या ताटावर, ओळ आपोआप आली गं. मागची पुढची सगळी आली.

आणि ऐक, हे तुला दिसलं नसेल. मी ओळ टाकायचे तेव्हा मागून उचलायला कुणी नव्हतं. विनिताला येत नाही, प्राचीला तर त्याहून नाही. पण हानाची आजी माझ्या मागे येऊन उभी राहिली. शब्द एक कळत नाही तिला, नुसता "आ आ" करत सूर उचलायला लागली. इतकी वर्षं मी मागे होते, परवा पहिल्यांदा पुढे, आणि माझ्या मागे कोण, तर प्रागची म्हातारी! मधे एकदा वळून बघितलं तर तिने मला डोळ्यांनीच दटावलं, थांबू नको म्हणून. अगदी तुझ्यासारखं.

शनिवारी लग्न झटपट लागलं. सही केली, अंगठ्या घातल्या, संपलं. पण हाना सहीला आली ती कपाळावरची हळद न पुसता. दीपेश मला म्हणाला, "आजी, लग्न कालच लागलं माझं. आज नुसती सही."

आता माझा जीव फक्त तुझ्या रिपोर्टमध्ये अडकलाय. नातसून सारखी विचारते, "वेनू आजी, ओके?" मी म्हणते, देवाला माहीत. इथल्या नदीवर मोठा दगडी पूल आहे. त्यावरून जाता-येता मी गावदेवीला हात जोडते. कुणी बघत नाही, इथे सगळेच काहीतरी करत असतात.

आल्या आल्या कळव. चांगला असो, वाईट असो, लपवू नको. लपवायचं आता संपलं आपलं.

चंद्राक्का

—

नेरे,
गुरुवार, १४ मे

चंद्राक्कास वेणूचा नमस्कार.

साधी आहे.

हे दोन शब्द आधी लिहिले, म्हणजे तुला खाली शोधत बसायला नको. गाठ साधी आहे. जास्त गाऊन पडदा सुजतो आणि तशी धरते म्हणे. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही मास्तरीण होतात का? शाळेतल्या बायकांना होते ही." किशोरी म्हणाली, "नाय, धवलारीण हाय ती." त्यांना तो शब्द माहीत नव्हता. मग किशोरीने त्यांना हळदीचा व्हिडिओ दाखवला, तुझा. ते म्हणाले, "यांच्या गळ्याला काही झालेलं नाही ना?"

जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना गुडघे खरोखरचे दुखले आणि मला त्याचाही आनंद झाला. किशोरी रस्त्यातच रडायला लागली, तिला उसाचा रस पाजला. कुंदनला फोन केला तर तो रिक्षातून ओरडला, मागचा माणूस घाबरला.

आजपासून थोडं थोडं बोलायची परवानगी आहे, गायचं मात्र महिनाभर नाही. एक बारीकशी शस्त्रक्रिया करतील, मग पावसानंतर मोकळी. घरी येऊन पहिला शब्द कुणाशी बोलले सांगू? माकडांशी. आंब्यावर बसली होती. "हुड!" म्हटलं. आवाज फाटका निघाला, पण निघाला, आणि माझा होता.

तुझं गाणं मी ऐकलं. खरं सांगू का, सूर भयंकर होता. पण हुंदका न आवरता ती तिसरी ओळ म्हटलीस, तशी मला आजवर जमली नाही. मी ताटावर बोटं आपटत होते आणि डोळ्यांना धारा. पाठची म्हातारी मला चांगली दिसली. तिला माझा नमस्कार सांग, आणि सांग की सूर छान लावते.

दीपेश म्हणतो, डिसेंबरमध्ये दोघं येतील आणि इथे गावकीसमोर पुन्हा हळद, पुन्हा लग्न. तेव्हा धवले मी म्हणेन. तू मागे उभी राहा, आपली जागा ती.

आता एक शेवटचं. लपवायचं संपलं म्हणालीस म्हणून लिहिते. गाठ होती, म्हणून आले नाही, हे खरंच. पण विड्याचा राग नव्हता, ही शपथ खोटी होती. होता. चांगला होता. "वेने, बॅग भर," म्हणालीस आणि फोन ठेवलास, तेव्हा मी दाराकडे बघत बसले होते, तू नारळ घेऊन येशील म्हणून. गाठीची भीती नंतर आली, तो राग आधी आला.

कुंदनने आणलेला नारळ शांतीकडे ठेवला होता, तो फोडून खाल्ला आम्ही. तो धरू नकोस. म्युनिकहून आलीस की रोडपालीला सामान टाक, अंघोळ कर, नवं लुगडं नेस आणि नारळ-विडा घेऊन स्वतः नेऱ्याला ये. मी दार लावून आत बसेन. कडी वाजव. "कोण हाय?" म्हणून मी आतून विचारीन, मोठ्याने.

वेणू